दहावीचा ‘रेषेचा चढ’ आणि साहसी खेळ

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ येतो, तेव्हा दोन बिंदू दिले की बहुतेक मुले (य२ − य१) भागिले (क्ष२ − क्ष१) हे सूत्र बिनचूक वापरतात आणि ०.३ असे उत्तर आले की त्याखाली दोन रेघा ओढून मोकळी होतात. मात्र ‘०.३ चढाचा रस्ता कसा दिसेल, ते हाताने दाखवा’ असे म्हटले की वर्गातले निम्मे हात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातात. वास्तविक ०.३ चढ म्हणजे १७ अंशांहूनही किंचित कमी कोन, आणि तरीही मोटारीचा रस्ता सहसा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही उभा नसतो. सूत्र येते, पण त्या संख्येचा अंदाज नसतो, ही उणीव मला फार महत्त्वाची वाटते.

चढाचा अंदाज कोणाला पक्का असतो, याचा विचार करू लागलो तेव्हा साहसी खेळांचे खेळाडू डोळ्यांसमोर आले. पॅराग्लायडिंग, प्रस्तरारोहण, बर्फावरची घसरण (स्कीइंग), डोंगरातील सायकलिंग या सगळ्यांत चढ चुकीचा जोखला तर हातपाय मोडतात, म्हणून ती मंडळी हा विषय गांभीर्याने घेतात. शिवाय त्यांच्या खेळात धन चढ, ऋण चढ, शून्य चढ आणि ज्याचा चढ ठरवताच येत नाही अशी उभी रेषा, हे चारही प्रकार जिवंत भेटतात.

एक उदाहरण वर्गात फार उपयोगी पडते. ऑस्ट्रियातील किट्झब्युएल गावी श्ट्राइफ नावाची स्कीइंगची उतरंड आहे आणि ती जगातील सर्वांत अवघड शर्यतमार्गांपैकी एक मानली जाते. तिचा आरंभ समुद्रसपाटीपासून १६६५ मीटरवर होतो, शेवट ८०५ मीटरवर होतो आणि लांबी ३३१२ मीटर आहे. मुलांना सरासरी उतार काढायला सांगितला की ती लगेच ८६० ला ३३१२ ने भागतात आणि ०.२६ उत्तर देतात. येथे थांबवून विचारावे की ३३१२ मीटर ही लांबी कशावरून मोजली आहे. ती बर्फावरून मोजलेली आहे, म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे आणि आपल्याला तर पाया हवा आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने पाया सुमारे ३१९८ मीटर येतो, ८६० ला त्याने भागले की ०.२७ मिळतात, आणि या मार्गाचा सरासरी उतार म्हणून २७ टक्के हाच आकडा दिला जातो. एका उदाहरणात पायथागोरस, चढ आणि शेकडेवारी तिन्ही आली आणि तिन्हींची गरज मुलांना स्वतःहून जाणवली.

याच मार्गावर आरंभानंतर लगेच ८५ टक्के उताराचा टप्पा आहे. ८५ टक्के म्हटल्यावर मुलांना तो जवळजवळ उभा कडा वाटतो, कारण शंभर टक्के म्हणजे नव्वद अंश हा समज फार खोलवर रुजलेला असतो. प्रत्यक्षात शंभर टक्के चढ म्हणजे पंचेचाळीस अंश आणि ८५ टक्के म्हणजे सुमारे ४०.४ अंश.

आपल्या या चर्चामंचावर सह्याद्रीत भटकणारे, उडणारे, सायकल चालवणारे पुष्कळ सदस्य आहेत. आपापल्या खेळात चढाशी गाठ कोठे पडते, हे त्यांनी आकड्यांसह लिहावे, अशी विनंती आहे.

वारा_पाहून

सर, विषय मनापासून आवडला. मी पाचगणीच्या परिसरात पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे ऋण चढाबद्दल लिहितो.

आमच्या पंखाचे गुणवत्तामान म्हणजे स्थिर हवेत एक मीटर खाली येताना तो किती मीटर पुढे जातो, हे होय. साधारण पंख आठ ते दहा मीटर पुढे जातो. नऊ धरले तर उड्डाणमार्गाचा चढ उणे एक नवमांश झाला, म्हणजे आम्ही बोलतो ती संख्या गणितातील चढाचा व्यस्त असते. कोन अवघा सहा अंशांच्या थोडा वर येतो. उड्डाणस्थळाचा उतार याहून बराच अधिक उभा असावा लागतो, कारण डोंगर पंखापेक्षा सावकाश खाली जात असेल तर आपण डोंगरापासून सुटणारच नाही. आलेखावर एकाच बिंदूतून निघणाऱ्या दोन रेषा काढा, एक डोंगराची आणि एक पंखाची. त्या दोहोंमधील फट ही वैमानिकाची सुरक्षितता असते, आणि ती किती वेगाने रुंदावते, हे दोन चढांमधील फरकावर ठरते.

आता वारा जमेस धरू. समजा पंखाचा हवेतील वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आहे आणि तो सेकंदाला १.१ मीटर खाली येतो. समोरून सेकंदाला ५ मीटरचा वारा आला तर जमिनीच्या हिशेबात पुढे जाण्याचा वेग निम्मा होतो, पण खाली येण्याचा वेग तोच राहतो. ०.११ चा उतार ०.२२ होतो. उतरण्याची जागा पाचशे मीटर खाली असेल तर स्थिर हवेत जी साडेचार किलोमीटर अंतरावरची जागा गाठता येते, तिच्या ऐवजी सव्वादोन किलोमीटरवरच जमीन लागते. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर उतार ०.०७३ इतका सौम्य होतो. पंख तोच, वैमानिक तोच, हवेच्या संदर्भात मार्गाचा चढही तोच, तरी जमिनीवरून पाहणाऱ्याला तीन निरनिराळ्या रेषा दिसतात. चढ कोणत्या अक्षांच्या संदर्भात मोजतो आहोत, हा प्रश्न दहावीच्या मुलांनाही समजतो, असा माझा अनुभव आहे, कारण कृष्णेच्या प्रवाहात पोहणाऱ्या माणसाचे उदाहरण त्यांना ठाऊक असते.

कातळ_आणि_दोर

मी प्रस्तरारोहण शिकवते. उभ्या रेषेबद्दल पुस्तकात एक वाक्य असते की य-अक्षाचा चढ निश्चित करता येत नाही, आणि मुले ते पाठ करतात. कड्यावर त्याचा अर्थ उलगडतो. ८० अंशांचा कातळ घेतला तर चढ ५.६७ येतो, ८५ अंशांना ११.४३ आणि ८९ अंशांना ५७.२९. एकेका अंशाला संख्या कशी उसळते, ते पाहा. नेमक्या ९० अंशांना पाया शून्य होतो आणि भागाकारच उरत नाही. पुढे कातळ डोक्यावर झुकू लागला, म्हणजे ९० अंशांच्या पलीकडे गेला, की चढ एकदम फार मोठी ऋण संख्या होतो. ‘सर्वांत मोठ्या धन संख्येच्या शेजारी सर्वांत मोठी ऋण संख्या कशी?’ हा प्रश्न एका विद्यार्थिनीने दोरावर लटकलेली असताना विचारला होता, आणि मला तो अतिशय मोलाचा वाटला. कोन मात्र ८९, ९०, ९१ असा शांतपणे वाढत असतो. म्हणून आम्ही आरोहक उभ्या कड्याजवळ कोनात बोलतो आणि सौम्य भागात टक्क्यांत बोलतो.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. सुटी माती आणि खडे ज्या उतारावर जेमतेम टिकून असतात, तो बहुतेक ठिकाणी ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे चढ सुमारे ०.५८ ते ०.७०. उतारावर ठेवलेली वस्तू कधी घसरते, याचा नियम असा की चढ घर्षणगुणांकापेक्षा, म्हणजे दोन पृष्ठभागांची पकड दाखवणाऱ्या संख्येपेक्षा, अधिक झाला की ती घसरते. येथे कोन नव्हे, तर थेट चढच घर्षणगुणांकाशी तोलला जातो. बुटाचा तळ आणि कोरडा कातळ यांचा गुणांक समजा ०.८ असेल आणि शेवाळलेल्या ओल्या कातळावर तो ०.३ वर आला, तर ३८ अंशांपर्यंत टिकणारे पाऊल १७ अंशांवरच सुटते. सरांनी वर्गात विचारलेले ०.३ ते हेच. पावसाळ्यात साताऱ्याच्या आसपासच्या वाटांवर होणाऱ्या पुष्कळ घसरणींच्या मुळाशी हेच गणित असते, आणि ते मुलांना माहीत असलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट वाटेच्या दिशेची. डोंगराचा उतार ०.५ आहे. सरळ वर गेले तर चढ ०.५ लागेल आणि समोच्च रेषेवरून, म्हणजे एकाच उंचीवरून, आडवे गेले तर शून्य. नकाशावर उताराच्या सरळ रेषेशी ६० अंश करून तिरके गेले तर ०.५ गुणिले ६० अंशांची कोज्या (cos), म्हणजे ०.२५. चढ निम्मा झाला आणि नकाशावरची लांबी दुप्पट झाली. जुन्या पायवाटा नागमोडी का आहेत, याचे उत्तर एवढेच आहे. ज्या वाटेने डोक्यावर भारा घेतलेली माणसे वर्षानुवर्षे चढली, ती वाट त्यांच्या पायांनीच हा हिशेब करून आखली आहे.

मुलांना भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा जरूर दाखवावा. आपल्याकडच्या नकाशात लगतच्या समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. दोन रेषा नकाशावर ४ मिलिमीटर अंतरावर असतील तर पाया २०० मीटर आणि चढ ०.१. त्या १ मिलिमीटरवर आल्या तर पाया ५० मीटर आणि चढ ०.४, म्हणजे जवळजवळ २२ अंश. घरात बसून वाट जोखता येते.

मिरज_पालक

चर्चा वाचून आनंद झाला. माझी मुलगी दहावीत आहे. आमच्या मिरज-सांगलीकडे कृष्णाकाठची सपाट जमीन, त्यामुळे डोंगर म्हणजे दंडोबापर्यंत जायचे. माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला असा की सायकलचे मीटर रस्त्यावरून गेलेले अंतर दाखवते, म्हणजे सरांनी सांगितलेला कर्ण. मग घाटाचा चढ काढताना प्रत्येक वेळी पाया काढावा लागेल काय? दुसरा असा की घाटातल्या वळणावर आतल्या बाजूने सायकल नेली की दम लागतो आणि बाहेरच्या बाजूने नेली की तेवढा लागत नाही. हा भास आहे की चढ खरोखर निराळा असतो?

निवृत्त_अभियंता

दोन्ही प्रश्न रस्तेबांधणीच्या जवळचे असल्यामुळे मी उत्तर देतो.

वाई सुमारे ७१८ मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १२९३ मीटर उंचीवर. पसरणी घाटाने अंतर ढोबळमानाने १२ किलोमीटर धरले तर सरासरी चढ पाच टक्क्यांच्या किंचित आत येतो. पाच टक्क्यांच्या रस्त्यावर कर्णाने भागले काय किंवा पायाने भागले काय, फरक दशांश चिन्हानंतर पाचव्या स्थानी पडतो. त्यामुळे सायकलच्या मीटरवर खुशाल विसंबावे. ८५ टक्क्यांच्या स्की-उतारावर मात्र कर्णाने भागले तर ०.६५ येतात आणि पायाने भागले तर ०.८५, म्हणजे तेथे गफलत परवडत नाही. डोंगरी रस्त्यांसाठी भारतीय रस्ते महासभेने (इंडियन रोड्स काँग्रेस) ठरवलेला सर्वसाधारण चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के आहे. अधिक तीव्र भूभागात, ३००० मीटर उंचीपर्यंत, तो ६ टक्के धरतात आणि अगदी अपवाद म्हणून थोड्या अंतरापुरते ८ टक्क्यांपर्यंत जाता येते.

वळणाचा आपला अनुभव हा भास नव्हे. अर्धवर्तुळाकार वळण घ्या, आतील कडेची त्रिज्या १० मीटर आणि बाहेरील कडेची १७ मीटर. वळण संपेपर्यंत दोन्ही कडा सारख्याच उंचीने, समजा २.२ मीटरने, वर जातात. आतील कडेची लांबी ३१.४ मीटर, म्हणून चढ ७ टक्के. बाहेरील कडेची लांबी ५३.४ मीटर, म्हणून चढ ४.१ टक्के. उंची तीच, पाया वेगळा. म्हणूनच रस्त्याची आखणी करताना वळणावर चढ मुद्दाम कमी करतात. त्याचे सूत्र ३० अधिक त्रिज्या, भागिले त्रिज्या, इतके टक्के असे आहे आणि ७५ भागिले त्रिज्या ही त्याची कमाल मर्यादा आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर २ टक्के वजा होतात, म्हणजे ६ टक्क्यांचा रस्ता तेथे ४ टक्क्यांवर येतो. मी नोकरीत असताना आखणीचे नकाशे तपासताना प्रथम वळणेच पाहत असे, कारण मालवाहू गाडी अडते ती तेथेच.

याच मुद्द्यावर जगातील सर्वांत उभ्या रस्त्याचा वाद झाला होता. न्यूझीलंडमधील डनिडन शहरातल्या बॉल्डविन स्ट्रीटचा विक्रम २०१९ साली वेल्समधील हार्लेक गावच्या वळणदार रस्त्याकडे गेला. पुढे मोजणी रस्त्याच्या मध्यरेषेवर करावी, असे ठरले आणि २०२० साली विक्रम परत बॉल्डविन स्ट्रीटकडे आला. मध्यरेषेवर त्याचा चढ ३४.८ टक्के भरला आणि हार्लेकचा २८.६ टक्के. वळणाच्या आतील कडेवर मोजले असता हार्लेकचा आकडा ३७ च्या पुढे जात होता. कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजले, हे सांगितल्याशिवाय चढाच्या आकड्याला अर्थ नाही, हे मुलांना पटवायला यापेक्षा चांगले प्रकरण मला ठाऊक नाही. वळणावर सायकल बाहेरून नेताना समोरून येणाऱ्या वाहनांकडे लक्ष असू द्यावे, ही विनंती.

विश्रामबाग_गणित

मीही सांगलीत गणित शिकवते आणि एक शंका मांडते, ती विरोधासाठी नव्हे. दहावीत आपण सरळ रेषेचा चढ शिकवतो. सरळ रेषेवर कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येतो, आणि तीन बिंदू एकरेषीय आहेत की नाहीत, हे आपण त्याच आधारावर ठरवतो. डोंगर, घाट, स्की-उतार हे सगळे वक्र आहेत. त्यांची उदाहरणे देऊन आपण रेषेचा हा मूळ गुणधर्मच धूसर करत नाही का? शिवाय खेळाच्या चित्रफिती पाहून मुले थरारात रमतील आणि गणित बाजूला राहील, हीही भीती आहे.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, आपली शंका अगदी मुळाला हात घालणारी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते वक्र पाहिल्याशिवाय रेषेचे वेगळेपण लक्षातच येत नाही. ज्या मुलाने फक्त रेषा पाहिल्या आहेत, त्याला ‘कोणतेही दोन बिंदू घ्या, चढ तोच’ या विधानात नवल वाटत नाही. श्ट्राइफवर आरंभ आणि शेवट घेतले तर २७ टक्के, मधला एक टप्पा घेतला तर ८५ टक्के. म्हणजे तो मार्ग रेषा नाही, हे चढावरूनच सिद्ध झाले. एकरेषीय बिंदूंची कसोटी येथे उलट बाजूने वापरली जाते आणि मुलांच्या मनात ती घट्ट बसते.

पुढची पायरी स्केटबोर्डच्या वक्र उताराची आहे. २ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग काढावा. अगदी तळाशी चढ शून्य असतो आणि वरच्या काठाशी तो ठरवता येत नाही. तळापासून आडवे १.२ मीटर गेले की केंद्रापासूनची उभी बाजू १.६ मीटर राहते, म्हणजे खेळाडू ०.४ मीटर वर आलेला असतो. त्रिज्या आणि स्पर्शिका परस्परांना लंब असतात, हे मुलांना वर्तुळाच्या प्रकरणातून माहीत असते, त्यामुळे तेथील स्पर्शिकेचा चढ १.२ भागिले १.६, म्हणजे ०.७५ येतो. तळ आणि तो बिंदू यांना जोडणाऱ्या जीवेचा चढ मात्र ०.४ भागिले १.२, म्हणजे ०.३३ इतकाच असतो. सरासरी चढ आणि त्या जागेचा चढ हे दोन्ही दहावीच्याच साहित्यातून समोर आले. अकरावी-बारावीत विकलनाची, म्हणजे वक्राचा त्या-त्या जागेचा चढ काढण्याच्या रीतीची, ओळख होईल, तेव्हा या मुलांना ते परके वाटणार नाही.

थराराबद्दल म्हणाल तर स्की-उडीचे उदाहरण मला फार समर्पक वाटते, कारण तेथे गणिताशिवाय थरार समजतच नाही. उडी घेण्याचा कट्टा वर झुकलेला असावा, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे ११ अंश खाली झुकलेला असतो, म्हणजे त्याचा चढ उणे ०.१९ असतो. खेळाडू शंभर मीटरहून अधिक अंतर हवेतून जाऊन उतरतो आणि तरी त्याचे पाय मोडत नाहीत, कारण उतरण्याच्या पट्ट्याचा उतार सुमारे ३५ अंशांचा, म्हणजे ०.७० असतो आणि त्या क्षणी खेळाडूच्या मार्गाचा उतार त्याहून थोडाच अधिक असतो. आघात केवळ एकूण वेगावर नव्हे, तर त्या दोन दिशांमधील फरकावरही ठरतो. समांतर रेषांचे चढ समान असतात, हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. येथे मार्ग आणि जमीन जितक्या समांतर, तितकी उडी सुखरूप. खेळाडू पट्ट्याच्या पुढे, जेथे उतार सपाट होऊ लागतो, तेथे उतरला तर फरक वाढतो, म्हणूनच फार लांब उडी धोक्याची मानली जाते. हे ऐकल्यावर मुले पुन्हा चित्रफीत लावायला सांगतात आणि उतरण्याच्या जागी थांबवून कोन मोजतात.

मिरज_पालक

अभियंता साहेब, वळणाचे उत्तर मुलीला वाचून दाखवले, तिला ते लगेच समजले. सर, आता एकच विचारते. मुलांना कड्यावर किंवा उडायला नेणे प्रत्येक पालकाला शक्य नाही. आमच्यासारख्यांनी चढ प्रत्यक्ष मोजायचा झाला तर काय करावे?

अजिंक्यतारा_पायथा

ताई, त्यासाठी गवंड्याची पाणसळ, एक मीटर लांबीची सरळ फळी आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. फळीचे वरच्या बाजूचे टोक रस्त्यावर टेकवावे, पाणसळ फळीवर ठेवावी आणि बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत खालच्या बाजूचे टोक उचलावे. त्या टोकाखाली रस्त्यापर्यंतची उभी फट सेंटिमीटरमध्ये मोजावी. फळी आडवी आहे, म्हणून तिची लांबी हाच पाया आणि फट हीच उंची. सात सेंटिमीटर फट म्हणजे सात टक्के, वेगळा भागाकार करण्याची गरज नाही. रेल्वेवरील पुलाचा चढता भाग, घरासमोरचा गाडी चढवण्याचा उतार, दवाखान्यातील चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार, या सगळ्यांची मोजणी सांगलीत करता येईल. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पायरीची उंची भागिले रुंदी असा चढ काढावा आणि तो दंडोबाच्या वाटेवरील मोजणीशी ताडून पाहावा.

मोजण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि नंतर त्याच्यासमोर मोजलेली संख्या लिहावी. वाहता रस्ता टाळावा आणि वळण मोजायचे असेल तर सोसायटीच्या आवारातील निवडावे. आतील कड, मध्यरेषा आणि बाहेरील कड अशी तीन ठिकाणी फळी ठेवावी आणि तिन्ही आकडे जागेसह नोंदवावेत. मुलीने नोंदी येथे टाकल्या तर आमच्या वर्गातील मुलांच्या यवतेश्वराच्या पायवाटेवरील नोंदी मीही शेजारी देईन.